खाडीकाठच्या शेतावरील तंबूनिवास

भरती-ओहोटीचे पाणी खेळणाऱ्या खाडीच्या काठी, प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या शेतावर पाहुण्यांनी तंबूत किंवा तंबूसारख्या तात्पुरत्या निवाऱ्यात केलेला मुक्काम म्हणजे खाडीकाठच्या शेतावरील तंबूनिवास होय. हा कृषी पर्यटनाचा एक पोटप्रकार आहे. साध्या तंबूतील मुक्कामास कॅम्पिंग, तर पलंग, गादी, वीज आणि स्वतंत्र स्नानगृह असलेल्या तंबूतील मुक्कामास ग्लॅम्पिंग म्हणतात. महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात खाडीकाठची शेती बहुतांशी बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवर होते. या जमिनीला कोकणात खार किंवा खारजमीन आणि गोव्यात खाजन म्हणतात. त्यामुळे येथील तंबूनिवासाचा विचार बांध, भरती आणि भातशेती यांना वगळून करता येत नाही. बांध शाबूत असेल तरच शेत टिकते, आणि शेत असेल तरच पाहुण्याला पाहण्याजोगे काही उरते.

संज्ञा

‘ग्लॅम्पिंग’ हा शब्द इंग्रजीतील ‘ग्लॅमरस’ आणि ‘कॅम्पिंग’ या दोन शब्दांची संधी करून बनला असून ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात त्याचा समावेश २०१६ मध्ये झाला. त्याला मराठीत सर्वमान्य झालेला प्रतिशब्द नाही. गावोगावच्या पाट्यांवर ‘टेंट स्टे’ हीच अक्षरे देवनागरीत लिहिलेली आढळतात. वस्तुतः मराठीत या वस्तूसाठी शब्दांची वाण नाही. तंबू, राहुटी, डेरा, पाल, कनात आणि शामियाना या प्रत्येक शब्दाची अर्थच्छटा वेगळी आहे. राहुटी लहान व लष्करी वळणाची, पाल भटक्यांचे, तर डेरा व शामियाना सरदारी थाटाचे. कॅम्पिंग आणि ग्लॅम्पिंग यांतील भेद पाल आणि डेरा या दोन शब्दांत आधीपासूनच आहे.

‘खार’ हा शब्द संस्कृत ‘क्षार’ या शब्दावरून आला. अलिबाग, पेण, पनवेल आणि उरण या तालुक्यांत ‘खार’ हे पद अनेक गावांच्या व शिवारांच्या नावांत दिसते. ‘खाजण’ हा शब्द मराठीतही आहे. मात्र तो बांध न घातलेल्या खाऱ्या दलदलीलाही लावला जातो, तर गोव्यातील ‘खाजन’ म्हणजे बहुधा बांध घालून लागवडीखाली आणलेली जमीन. वाचकाने हा फरक ध्यानात ठेवावा.

पूर्वपीठिका

सुखसोयींनी युक्त तंबूंची परंपरा भारतात जुनी आहे. मोगल बादशाहांच्या छावण्यांचे तपशीलवार वर्णन ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. बादशाही तंबूंचा एक संच वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर आधीच उभारला जाई. जोधपूरच्या मेहरानगड संग्रहालयात रेशीम व मखमलीचा असा एक मोगलकालीन लाल डेरा जपलेला आहे. हौस म्हणून तंबूत राहण्याची आधुनिक प्रथा मात्र इंग्लंडमधील असून तिचा प्रवर्तक म्हणून टॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) या शिंप्याचा उल्लेख होतो. त्याच्या प्रेरणेने १९०१ मध्ये सायकलवर फिरणाऱ्या तंबूनिवासींची संघटना स्थापन झाली आणि १९०८ मध्ये या विषयावरील त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली.

कोकणच्या भातशेतात दरवर्षी मुक्काम करणारे पाहुणे मात्र याहून वेगळे होते, आणि आजही काही भागांत ते येतात. पावसाळा संपला की घाटमाथ्यापलीकडचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन कोकणात उतरतात. कापणी झालेल्या शेतात कळप रात्री बसवला की लेंड्या आणि मूत्र यांचे खत जमिनीला मिळते, आणि त्याबद्दल शेतकरी धनगरांना धान्य किंवा पैसे देतो. या व्यवहाराला मेंढ्या बसवणे म्हणतात. शेतात पाल ठोकणाऱ्या या पाहुण्याकडून भाडे घेण्याऐवजी शेतकरी उलट त्यालाच मोबदला देई, कारण तो जमिनीत काही ठेवून जाई. आजचा पाहुणा मोबदला देतो. तो जमिनीत काय ठेवून जातो, याचा विचार पुढे पाणी व सांडपाणी या भागात केला आहे.

खाडी आणि खारजमीन

सह्याद्रीतून उगवणाऱ्या कोकणातील नद्या लांबीला कमी आहेत. समुद्राजवळ त्यांचा उतार जवळजवळ संपतो आणि भरतीचे पाणी पात्रातून कित्येक किलोमीटर आत येते. अंबा नदीची धरमतर खाडी, कुंडलिकेची रेवदंडा, सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, वाघोटणची विजयदुर्ग आणि कर्लीची देवबाग-तारकर्लीजवळची खाडी ही यांपैकी प्रमुख उदाहरणे होत. गोव्यात तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी आणि साळ या नद्यांची मुखे अशीच आहेत.

या खाड्यांच्या काठी गाळ साचून तयार झालेल्या सखल जमिनीवर मातीचे बांध घालून भातशेती करण्याची रीत शेकडो वर्षांची आहे. खाडीला लागून असलेल्या मुख्य बांधाला रायगडकडे बाहेरकाठा म्हणतात. बांधात ठिकठिकाणी लाकडी झापांची दारे बसवलेली असतात. त्यांना कोकणात उघाडी आणि गोव्यात मानस असे नाव आहे. दाराची रचना साधी व अचूक आहे. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झाप आपोआप मिटतो, आणि ओहोटीला आतील पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा वर राहिली की तो उघडून शेतातील जादा पाणी खाडीत सोडतो. विजेची वा चोवीस तास पाहारेकऱ्याची त्याला गरज नसते. त्याला हवी असते ती निगा. झाप कुजला किंवा मध्ये ओंडका अडकला की दोन-तीन भरत्यांत शेत खारे होते.

पावसाळ्याच्या आरंभीच्या सरींनी मातीतील मीठ धुऊन निघते आणि मग भात पेरले जाते. खारजमिनीत रोपे काढून लावणी करण्याऐवजी मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जातींवर पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने काम केले असून हे केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ आणि ‘पनवेल ३’ या त्याच केंद्रातील जाती. गोव्यात कोरगुट हे पारंपरिक खारे भात प्रसिद्ध आहे.

बांध कोणी राखायचा, हा खारपट्ट्यातील जुना आणि कळीचा प्रश्न होय. पूर्वी गावकरी एकत्र येऊन अंगमेहनतीने बांध बांधत. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ साली सुरू केलेला आणि कित्येक वर्षे चाललेला संप याच खारपट्ट्यातला. त्याचे नेतृत्व नारायण नागू पाटील यांनी केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. स्वातंत्र्यानंतर बांधांची जबाबदारी अंशतः शासनाकडे आली. मुंबई राज्यात १९४८ साली आणि महाराष्ट्रात १९७९ साली खारभूमी विकासाचे कायदे झाले. तरीही बांध फुटून नापीक झालेल्या जमिनी खारपट्ट्यात आढळतात. फुटलेल्या बांधाकडे काही वर्षे दुर्लक्ष झाले की शेतात तिवरे उगवतात. तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्याने ते तोडून पुन्हा भात लावणे शेतकऱ्याला शक्य होत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने ही हानी नव्हे, असे म्हणता येईल. परंतु ज्याचा सातबारा तसाच राहिला आणि पीक मात्र गेले, त्या कुटुंबाच्या दृष्टीने ते नुकसानच ठरते.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला भांग म्हणतात. प्रत्यक्षात सर्वांत मोठे उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येते. भरती-ओहोटीतील फरक उत्तरेकडे अधिक व दक्षिणेकडे कमी होत जातो. मुंबईत उधाणाचे पाणी साडेचार मीटरची पातळी ओलांडते, तर गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक साधारण दोन मीटरच्या आसपास असतो.

भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा आडाखा किनाऱ्यावरील कोळी व शेतकरी वापरतात. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. इतरत्र त्यात थोडा फरक पडतो, आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. शाळकरी मुलांनी दिनदर्शिका समोर ठेवून तो एकदा पडताळून पाहण्याजोगा आहे.

या आडाख्यातून तंबूनिवासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निघते. उधाणाची भरती या किनाऱ्यावर नेहमी माध्यान्ह आणि मध्यरात्र यांच्या आगेमागे येते. शिवाय दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, तर हिवाळ्यात रात्रीची. तंबूनिवासाचा हंगाम हिवाळ्याचा असल्याने हंगामातील सर्वांत उंच पाणी पाहुणे गाढ झोपेत असताना येते. संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटीने रिकामी झालेली खाडी पाहून ज्याने काठाशी तंबू ठोकला, त्याला मध्यरात्री पाणी अंथरुणाशी आलेले दिसते. चांदण्या रात्रीची जाहिरात करताना पौर्णिमा म्हणजेच उधाण, हे सहसा सांगितले जात नाही.

तंबूची जागा

खाडीकाठी तंबूची जागा निवडताना भरतीची सर्वोच्च रेषा ओळखणे पहिले काम होय. काडीकचरा, शिंपले आणि वाळकी पाने यांची एक रेघ काठावर उमटलेली दिसते. ती मागील काही दिवसांतील भरतीची खूण असून वर्षातील सर्वांत मोठ्या उधाणाची असेलच असे नाही. वनस्पतींची साक्ष अधिक विश्वसनीय असते. तिवर आणि मारांडी यांसारखी झाडे-झुडपे जिथवर वाढलेली आहेत, तिथवर खारे पाणी कधी ना कधी पोहोचते.

बांधाच्या आतील शेत पाण्यापासून सुरक्षित असले तरी तेही चांगले तळ ठरत नाही. गाळाच्या मातीत तंबूच्या खुंट्या ओलाव्यात धरत नाहीत. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि वर मिठाचा पांढुरका थर येतो. बांधावर तंबू लावणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे. खुंट्यांच्या भोकांतून पाणी झिरपते, वर्दळीने बांधाचा माथा खचतो, आणि खेकड्यांनी आधीच पोखरलेल्या बांधाला तेवढे निमित्त पुरते. खारपट्ट्यात बांध फुटण्याची सुरुवात लहानशा भोकापासून होते.

जुन्या शेतघरांकडे पाहिले असता योग्य जागेचे उत्तर मिळते. घर, गोठा, पेंढ्याच्या उडव्या आणि खळे हे सर्व खारीत नसून तिच्या वरच्या अंगाला, वरकस जमिनीच्या पायथ्याशी किंवा नारळ-पोफळीच्या आगराजवळ असते. भात झोडून झाल्यावर रिकामे झालेले, चोपून शेणाने सारवलेले खळे तंबूसाठी उत्तम होय. ते सपाट, कोरडे आणि आसपासच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असते. नारळाखाली मात्र तंबू लावू नये. त्याचे कारण कोकणात कोणी विचारत नाही. सिंधुदुर्ग व गोव्याकडील मांगर आणि पिकाची राखण करण्यासाठी चार खांबांवर उभारलेला माळा हे शेतावरील तात्पुरत्या निवाऱ्याचे देशी नमुने आहेत. जमिनीपासून उचललेल्या लाकडी फलाटावर तंबू उभारण्याची आजची पद्धत माळ्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. फलाटामुळे ओल, विंचू व साप यांपासून बचाव होतो आणि हंगाम संपताच तो उचलून नेता येतो.

हंगाम आणि शेतीची कामे

जून ते सप्टेंबर या काळात कोकणात सुमारे अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. या काळात कापडी तंबूचा टिकाव लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा आणि आर्द्रता असह्य होते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. मान्सूनपूर्व वादळांचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील आगरे आडवी केली, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले. नारळ-पोफळीचे उत्पन्न काही वर्षांसाठी गेलेल्या बागायतदारांपैकी काहींना पर्यटनाचा आधार घ्यावा लागला.

हिवाळ्यात आलेल्या पाहुण्याला लावणी दिसत नाही, ही या प्रकाराची एक स्वाभाविक मर्यादा होय. त्याला दिसते ती कापणीची अखेर, झोडणी आणि नंतरची कडधान्ये. भात निघालेल्या गोड्या जमिनीत, मातीतील उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. अलिबागजवळ याच दिवसांत पांढऱ्या कांद्याची लागवड असते, आणि या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वालाला शेंगा धरल्या की रायगड जिल्ह्यात पोपटीचे दिवस सुरू होतात. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर ओवा व मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी रचतात. तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवतात. पाणी किंवा तेल घालत नाहीत. शेतातच, शेतातल्याच वस्तूंनी होणारा हा पदार्थ मुळात राखणदारांचा व कापणीकरांचा. तंबूनिवासात तो आता मुख्य आकर्षण ठरला आहे, आणि ते योग्यच आहे. खाडीतील जिताडा, कोलंबी, तिसऱ्या व कालवे आणि तांदळाची भाकरी हा बाकीचा बेत असतो. ‘घरगुती जेवण’ या दोन शब्दांमागे घरातील स्त्रियांचे पहाटेपासूनचे कष्ट असतात. शेतीची कामे त्यामुळे कमी होत नाहीत, ती फक्त मागे पडतात.

जानेवारीपासून पावसापर्यंतचा काळ बांधाच्या डागडुजीचा. खड्डे बुजवणे, माती चढवणे आणि उघाडीचे झाप बदलणे ही कामे याच काळात उरकावी लागतात, कारण पावसाळी उधाणाला ती करणे अशक्य असते. तंबूंचा हंगाम आणि बांधाचा हंगाम असे एकमेकांवर येतात. एखादे शेत खरोखर कसते आहे की तंबूंमागचा देखावा म्हणून राखले आहे, हे ओळखण्याची खूण या कामात सापडते. जेथे पाहुण्यांच्या पैशातून बांधावर माती पडते, तेथे शेत टिकते. जेथे मजूर बांधावरून काढून तंबूंवर लावले जातात, तेथे काही पावसाळ्यांतच परिणाम दिसतो.

पाणी व सांडपाणी

खाडीकाठच्या विहिरीतील गोड्या पाण्याची कथा नाजूक असते. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. रहाटाने किंवा मोटेने हळूहळू उपसा होत असे, तोवर हा थर टिकून राही. शक्तिशाली पंपाने भराभर उपसा केला की खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि विहीर मचूळ होते. ती पुन्हा गोडी होण्यास पुढचा पावसाळा, कधी अनेक पावसाळे लागतात. ग्लॅम्पिंगमधील तुषारस्नान, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आणि चादरींची रोजची धुलाई यांना साध्या तंबूच्या कित्येक पट पाणी लागते. फेब्रुवारीपासून पुढे शेजारच्या भाजीच्या वाफ्यांना लागणारे पाणीही त्याच विहिरीचे असते.

सांडपाण्याचा प्रश्न त्याहून बिकट. खाडीकाठी भूजलाची पातळी इतकी वर असते की शोषखड्डा नावापुरताच शोषतो. भरतीच्या वेळी खड्ड्यातील पाणी वर येते आणि ओहोटीला ते खाडीकडे झिरपते. खाडीतील तिसऱ्या व कालवे पाणी गाळूनच आपले अन्न मिळवतात. त्यामुळे मैलापाण्यातील जंतू त्यांच्या शरीरात साठतात. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न आणि त्या खाणाऱ्यांचे आरोग्य, दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. रात्री ज्या पाहुण्याच्या ताटात तिसऱ्यांचे सुके वाढले जाते, तोही या साखळीच्या बाहेर नाही. झिरपू न देणारी बंद टाकी बसवून ती वेळोवेळी उपसणे, किंवा जमिनीच्या वर बांधलेले कोरडे खतशौचालय वापरणे, हे येथे व्यवहार्य उपाय होत. पाण्याचा फवारा नसलेले शौचालय पाहुण्यांना रुचत नाही, ही त्यातील अडचण.

गोव्यातील खाजने

गोव्यात खाजन जमिनीचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. ही व्यवस्था पोर्तुगीजपूर्व काळापासूनची असून तिचा कारभार गावकऱ्या पाहत. पोर्तुगीज राजवटीत या संस्थांना कोमुनिदाद म्हणू लागले. गोवामुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्यान्वये जमीन कसणाऱ्यांचे हक्क मान्य झाले आणि बांधांची देखभाल कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीजवळ पाणी साठवण्यासाठी पोय नावाचे खोलगट पात्र असते, आणि तेथील मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला मासळीसाठी खारे पाणी आत हवे असते, तर भातवाल्याला ते नको असते. मानस वेळी-अवेळी उघडी ठेवल्याच्या तक्रारी आणि त्यातून होणारे तंटे खाजनगावांना नवे नाहीत. अलीकडे त्यांत पर्यटनाच्या मागणीची भर पडली आहे.

गोव्यात भातजमिनीचे खाजन, खेर आणि मरड असे तीन प्रकार मानतात. खाजन सखल व खारे, खेर वालुकामय, तर मरड चढावरची. तंबू उभारायचे तर ते मरडीवर किंवा भाटात, आणि पाहायचे ते खाजन, अशी विभागणी जमिनीच्या स्वभावाला धरून आहे. चोडण बेटावरील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य मांडवीच्या तिवरवनात आहे, आणि खाजनांच्या बांधांवर पाणमांजरांचा वावर असतो. कुंभारजुवे कालव्यात मगरी आढळतात. फोंडा तालुक्यातील दुर्भाट येथे पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर घडवून शिंपल्यांनी सजवतात व तिची पूजा करतात. या विधीला मानगे थापणी म्हणतात. बांधाचे व त्यावर राबणाऱ्यांचे रक्षण व्हावे, ही त्यामागील भावना. खाडीच्या पाण्यात रात्री उतरू नये, हे पाहुण्याला समजावण्यासाठी याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही.

नियम

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्याखाली केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. खाडीकाठी याखेरीज किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होते. पहिली अधिसूचना १९९१ ची, त्यानंतरच्या २०११ व २०१९ च्या. भरतीचा प्रभाव असलेल्या खाड्यांच्या काठी नियमनाचा पट्टा २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा होता. २०१९ मध्ये तो ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल तो, असा घटवण्यात आला. भरतीचा प्रभाव कोठवर मानायचा हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील क्षाराचे प्रमाण दर हजारी पाच भाग कोठवर आढळते, यावर ठरते. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनारी क्षेत्रात स्थानिकांच्या असलेल्या घरांत, घराचा आकार व रूप न बदलता, पाहुणे ठेवण्यास वाव दिला आहे. गोव्यातील खाजन जमिनीत मात्र विकासकामांना मनाई करणारी विशेष तरतूद २०११ च्या अधिसूचनेत करण्यात आली.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मधील अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने महाराष्ट्रातील तिवरांच्या तोडीस प्रतिबंध केला. तिवरांभोवतीच्या ५० मीटरांच्या पट्ट्यात बांधकाम करण्यास व भराव टाकण्यास त्यानुसार मनाई आहे. तंबू तात्पुरता असल्याने या नियमांतून आपोआप सुटतो, असा एक समज प्रचलित आहे. तंबूखाली सिमेंटचा जोता, पोहोचरस्त्यासाठी मातीचा भराव आणि स्नानगृहासाठी पक्क्या भिंती आल्या की कापडाचे छत नावापुरते उरते. खाडीदर्शनासाठी होड्या वापरणे हा त्यामानाने निर्धोक मार्ग आहे. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने चालवलेली कांदळवन सफर हे त्याचे परिचित उदाहरण.

इतर देशांत

इंग्लंडमध्ये शेतावर तात्पुरते तंबू लावू देण्याची प्रथा रूढ आहे. जुलै २०२३ पासून तेथे वेगळी नियोजन परवानगी न घेता वर्षातून ६० दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त ५० तंबू किंवा गाड्यांसाठी जागा देता येते. पुराचा धोका असलेल्या क्षेत्रात मात्र दरवर्षी आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि विशेष शास्त्रीय महत्त्वाच्या संरक्षित क्षेत्रांना ही सवलत नाही. वायव्य इंग्लंडमधील मोरकॅम्ब उपसागराच्या काठच्या खाऱ्या कुरणांत मेंढ्या चरतात. तेथील वाळू ओहोटीला मैलोगणती उघडी पडते आणि भरती वेगाने परतते. वाळूतून लोकांना पलीकडे नेण्यासाठी सोळाव्या शतकापासून अधिकृत वाटाड्या नेमला जातो. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तेथे शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून मरण पावले.

फ्रान्समध्ये मों-सें-मिशेलच्या उपसागरात भरती-ओहोटीतील फरक सुमारे १४ मीटरपर्यंत जातो. तेथील खाऱ्या कुरणांवर वाढलेल्या मेंढ्यांच्या मांसाला संरक्षित नाममुद्रा मिळालेली आहे. उधाणाचे दिवस आले की मेंढपाळ कळप आधीच उंच जमिनीवर हलवतात.